सहाव्या पेपरातला चौथा प्रश्न

५ जून

ती. मामांस,

नमस्कार. पत्राचा मायना कधीच विसरलेय, तेव्हा थेट कामाचं बोलते. फोन करून उपयोग नाही हे मामीनं सांगितलं. तुम्ही कानाचं यंत्र कपाटात ठेवता आणि फोनवर सगळ्यांना नुसतं 'बरं, बरं' म्हणता म्हणे.

मामा, मी बारावीच्या रसायनाला बसतेय. बाहेरून. आधी पोटभर हसून घ्या, मग पुढचं वाचा.

पाणी शुद्धीकरण केंद्राच्या तपासणीच्या खोलीत मी अकरा वर्षं काचसामान धुतेय, हे तुम्हाला माहीत आहे. आता ते धुणारं यंत्र येतंय. जानेवारीपासून माझं तिथं काम नाही. पण त्याच खोलीत सहायकाची एक जागा निघालीय. मोठ्या मॅडम मला म्हणाल्या, "तुझा हात मी बघितलाय. फक्त कागद आण." कागद म्हणजे बारावी, रसायनासकट, डिसेंबर संपायच्या आत. बाकीचे विषय मी गेल्या दोन वर्षांत एकेक करून काढले, कुणाला न सांगता. रसायन तेवढं राहिलंय, कारण त्याची मला धास्ती आहे. का, ते तुम्हाला माहीत आहे.

परीक्षा चौदा नोव्हेंबरला. तुमच्याकडे सराव पेपरांची ती जाड वही अजून असेल तर मला शिकवाल का? नाही म्हणालात तरी मी बसणारच आहे. फक्त मग जास्त वेळ लागेल, आणि तेवढा माझ्याकडे नाही.

आई बरी आहे. माझ्याकडेच असते, दिवसभर मला शिकवते. रसायन सोडून सगळं.

तुमची,
भिंगरी

*

१३ जून

चि. भिंगरी,

हसलो नाही. मामीला विचार.

वही आहे. दहा पेपर आहेत. दर पंधरा दिवसांनी एक पाठवीन, माझ्या हातानं उतरवून. सोबत बंद पाकिटात उत्तरांचा कागद. माझी पद्धत तू विसरली असशील तर पुन्हा सांगतो. पेपर पेन्सिलीनं सोडवायचा. घड्याळ लावायचं. मग पाकीट फोडून उत्तरं ताडायची. जुळलं ते शाईनं गिरवायचं. नाही जुळलं ते खोडायचं आणि पुन्हा करायचं, जुळेपर्यंत. बत्तीस वर्षं पोरांना असंच तयार केलं. एकही उत्तर 'साधारण बरोबर' नसतं.

तुझ्या धास्तीबद्दल. प्रिलिममध्ये तुला रसायनात चौतीस पडले होते, पास व्हायला पस्तीस लागत होते, आणि शाळेच्या नियमानं तुला बोर्डाचा फॉर्म भरू दिला नाही. मुख्याध्यापक मला म्हणाले होते, "सर, एक मार्क वाढवा, भाची आहे तुमची." मी नाही म्हणालो. सख्ख्या भाचीलासुद्धा एक मार्क वाढवून दिला नाही, हे मी आजही चार लोकांत सांगतो आणि मान ताठ ठेवून सांगतो. त्याचा राग असेल तर आत्ताच काढून टाक. नंतर गणितं करताना मध्ये येईल.

पहिला पेपर सोबत आहे.

मामा

*

१८ जुलै

ती. मामांस,

तीन पेपर झाले. बावीस, एकतीस, चव्वेचाळीस. मार्क शंभरापैकी, उगाच खूश होऊ नका.

राग होता. दहा वर्षं चांगला टिकला. मग ब्युरेटा, त्या मापाच्या लांब काचनळ्या, धुता धुता उतरला, कारण आत ब्रश घालताना डोक्यात राग असेल तर काच फुटते आणि पगारातून कापतात. तुम्ही खरं वागलात आणि मी कमी पडले, एवढंच मनाशी धरलं आणि पुढं गेले. फॉर्म हुकला, दुसऱ्या वर्षी बाबा गेले, मग पुन्हा बसायचं राहूनच गेलं. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिलं.

'मोल' मला आता कळला. इतकी वर्षं त्याला घाबरत होते, आणि तो निघाला डझनासारखा! डझन म्हटलं की बारा, मग अंडी असोत की केळी. मोल म्हटलं की तो भला मोठा आकडा, मग काहीही असो. एवढं साधं कुणी तेव्हा सांगितलं असतं तर! तुम्ही सांगितलंही असेल. मी तेव्हा खिडकीबाहेर बघत असेन.

घड्याळ आई धरते. कामावरून आले की चहा घेऊन लगेच बसते. आई समोर खुर्ची टाकते आणि दहा मिनिटं आधीच 'वेळ संपली' म्हणते. विचारलं तर म्हणते, "परीक्षेत कुणी तुझे लाड करणार नाही."

तुमची,
भिंगरी

*

२ ऑगस्ट

चि. भिंगरी,

चव्वेचाळीस बरे आहेत. बरे म्हणजे वाईट नाहीत, एवढंच.

तुझे चुकलेले प्रश्न पाहिले. अर्ध्या चुका चुका नाहीत, आळस आहे. आकडा लिहितेस आणि एकक लिहीत नाहीस. 'उत्तर : पंधरा.' पंधरा काय? मिलिलिटर की मडकी? दर वेळी एक मार्क कापणार. पायऱ्या लिही. पायऱ्यांना मार्क असतात.

अक्काला सांग, घड्याळ बरोबर लाव. लहानपणी मला झोपवायचं म्हणून ती घड्याळ पुढं करायची, ती सवय अजून गेलेली दिसत नाही.

चौथा आणि पाचवा पेपर पाठवतोय. सहावा मागाहून. तो जरा अवघड आहे.

मामा

*

२९ ऑगस्ट

ती. मामांस,

चौथ्यात एक्कावन्न, पाचव्यात अठ्ठावन्न. मडकी सगळी जागच्या जागी.

सहाव्यात मात्र अडकलेय. चौथा प्रश्न. ०.१ मोलर सल्फ्युरिक ॲसिड, वीस मिलिलिटर. ते पूर्ण उदासीन करायला ०.१ मोलर कॉस्टिक सोडा किती लागेल? माझं उत्तर चाळीस मिलिलिटर. तुमच्या कागदावर वीस.

खोडलं, पुन्हा केलं. चाळीस. दुसऱ्या दिवशी डोकं ताजं असताना केलं. चाळीस. पाच वेळा खोडून कागदाला भोक पडलं, मागून टेबल दिसायला लागलं. आई म्हणाली, "वीस लिही आणि जेवायला ये." मला वीस लिहिता येतं हो, पण वीस का ते कळत नाही. सल्फ्युरिकच्या एका रेणूत दोन हायड्रोजन, म्हणून सोडा दुप्पट, असं मी धरते. कुठं चुकतेय?

परीक्षेत असला प्रश्न हमखास येतो म्हणतात. हा एक सुटला नाही तर मला चैन पडणार नाही.

तुमची,
भिंगरी

*

६ सप्टेंबर

चि. भिंगरी,

उत्तर वीस आहे.

तुझी जुनी खोड मला माहीत आहे. प्रश्न अर्धा वाचायचा आणि मनानं पुढं पळायचं. मोलारिटी दोन्हीकडे सारखी दिली आहे ती कशासाठी? शांतपणे बस. पुन्हा कर. त्या वहीवर पोरांच्या बॅचेसच्या बॅचेस पास झाल्या, डॉक्टर झाली त्यातली काही. कुणी कधी चौथ्या प्रश्नाबद्दल चकार शब्द काढला नाही.

दोन महिने राहिले. एका प्रश्नावर हटून बसू नकोस. वीस लिही, शाईनं गिरव, सातवा पेपर घे.

मामा

*

२७ सप्टेंबर

ती. मामांस,

तीन आठवडे पत्र लिहिलं नाही. रागावले नव्हते, काम करत होते.

तुम्ही सांगितलंत तसं मी वीस लिहिलं. शाईनं गिरवलंही. आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले तर माझ्यासमोर ब्युरेटाच ब्युरेटा! अकरा वर्षं ही नळी मी आतून धुतलीय, तिच्यावरची प्रत्येक रेघ मला पाठ आहे, आणि ती वापरायची म्हटलं तर हात लावायची चोरी. मी मोठ्या मॅडमना विचारलं, जेवणाच्या सुट्टीत एक प्रयोग करू का. त्या म्हणाल्या, "चष्मा घाल, आणि सांडलंस तर तूच पुसायचंस." मी म्हटलं, नाहीतरी कोण पुसतं?

पिपेटनं वीस मिलिलिटर ॲसिड फ्लास्कमध्ये घेतलं. तुमच्या प्रश्नातलंच, ०.१ मोलर, मॅडमनी स्वतः करून दिलं. दोन थेंब फिनॉल्फ्थॅलिन, म्हणजे ॲसिड संपलं की गुलाबी रंग येणार. वरून सोडा थेंब थेंब सोडला. मामा, विसाशी मी हात थांबवला. वाट बघितली. रंग नाही. फ्लास्क हलवला, पांढऱ्या कागदावर धरला. पाण्यासारखं स्वच्छ. वाटलं, इथंही मीच चुकले. मग पुढं सोडत गेले. तीस. पस्तीस. एकोणचाळीस. आणि चाळिसाला एका थेंबात सगळं गुलाबी झालं, आणि गुलाबीच राहिलं.

पुन्हा केलं. ३९.९. पुन्हा केलं. ४०.१. मॅडम डबा खात बघत होत्या, म्हणाल्या, "तीन वेळा कशाला? पहिल्यांदाच बरोबर होतं." मी म्हटलं, मला ज्यांना सांगायचंय ते एकदा सांगून ऐकत नाहीत.

मामा, तुमचा कागद चुकलाय. हे वाक्य लिहायला मला तीन आठवडे लागले. तुम्ही कितीही ओरडा, मी आता खोडणार नाही. वीस कापलंय आणि बाजूला चाळीस मिलिलिटर लिहिलंय. शाईनं.

सातव्यात चौसष्ट.

तुमची,
भिंगरी

*

८ ऑक्टोबर

चि. भिंगरी,

मी मामी लिहितेय. माझं अक्षर समजून घे.

तुझं पत्र आल्यापासून आमच्याकडे धड बोलणं नाही. पहिल्या दिवशी 'ही मला शिकवते' म्हणून घर डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी वही काढली, भिंग काढलं आणि खिडकीशी बसले ते बसलेच. मी दोनदा चहा ठेवला, दोनदा गार झाला. मग वही मिटली आणि मला म्हणाले, "चौथ्या प्रश्नाच्या बाजूला मी प्रिलिम लिहून वर्ष घातलंय. ते भिंगरीचं वर्ष आहे." एवढं बोलले आणि पायात चपला घालून बाहेर गेले. कानाचं यंत्र घालून गेले, बघ. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

आता त्यांचा निरोप. तुझा तो जुना प्रिलिमचा पेपर पाठव. म्हणतात, अक्का कुठलाच कागद टाकत नाही, तिच्या पेटीत असणारच. मी म्हटलं, पोरीची परीक्षा तोंडावर आलीय, तिला जुनं काय उकरायला लावता? तर म्हणाले, "मला तो बघितल्याशिवाय आठवा पेपर पाठवता येणार नाही."

काय ते तूच ठरव. अभ्यास सोडू नकोस.

मामी

*

१५ ऑक्टोबर

ती. मामांस,

पेपर सोबत आहे.

खरं सांगते, तो मला सप्टेंबरातच मिळाला होता. रंग गुलाबी झाला त्या दिवशी घरी येऊन मी आईची पेटी उघडली, कारण त्या प्रश्नाशी आपली जुनी ओळख आहे असं सारखं वाटत होतं. चौथा प्रश्न, तीन मार्कांचा. मी अठरा वर्षांची असताना लिहिलंय, उत्तर चाळीस मिलिलिटर. पायऱ्यांसकट. एककासकट! त्यावर तुमची लाल फुली आणि शून्य. वर गोलात चौतीस.

मी तो घडी करून परत पेटीत ठेवला होता. तुमचं वय शहात्तर, तुमचं ब्लड प्रेशर, आणि चार लोकांत सांगायची तुमची ती गोष्ट. म्हटलं, पाणी वाहून गेलंय, उगाच कशाला. पण मामीचं पत्र आईनं वाचलं आणि म्हणाली, "पाठव. माझा भाऊ आहे तो. बघू दे त्याला."

त्या दिवशी मी रडले, हेही लिहून टाकते. दुःखानं की आनंदानं ते मला सांगता येत नाही. बावीस वर्षं मी स्वतःला ढ समजत होते. एवढंच.

पण मामा, चौदा नोव्हेंबरला तीस दिवस राहिलेत. आठवा पेपर पाठवा. तो तुम्ही पाठवला नाहीत तर मात्र मी खरंच रागावेन.

तुमची,
भिंगरी

*

२१ ऑक्टोबर

चि. भिंगरी,

तुझा पेपर परत पाठवतोय. आठवा, नववा, दहावा, तिन्ही सोबत आहेत.

आधी एक कबुली. 'तुझी परीक्षा बघायला मी मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं होतं' असं एक पत्र मी लिहायला घेतलं. तीन ओळी लिहिल्या. चांगल्या जमल्या होत्या, तुला पटल्याही असत्या. मग फाडून टाकल्या.

झालं ते असं. वहीत मूळ प्रश्न हायड्रोक्लोरिक ॲसिडचा होता. त्याच्या रेणूत हायड्रोजन एकच, म्हणून उत्तर वीस, आणि ते बरोबरच होतं. तुझ्या वर्षी मला वाटलं, पेपर फार सोपा होतोय. मी 'हायड्रोक्लोरिक' खोडलं आणि वर 'सल्फ्युरिक' लिहिलं. प्रश्न बदलला, उत्तर बदलायचं राहिलं. भिंगातून बघितलं तर दोन शाया वेगळ्या दिसतात. निवृत्त होईपर्यंत पाच बॅचेसना मी त्याच कागदावरून तपासलं. पायऱ्या लिहा, पायऱ्या लिहा म्हणून पोरांवर ओरडायचो आणि स्वतः नव्वद पेपरांत फक्त शेवटचा आकडा बघायचो. हुशार पोरांना तीन मार्क गेले तरी चालणार होतं, म्हणून ती बोलली नाहीत. ज्यांना चालणार नव्हतं, त्यांना बोलायची सोय मी ठेवली नव्हती. जुळेपर्यंत खोडा, ही माझीच पद्धत.

एक मार्क मागायला आलेल्या मुख्याध्यापकांना मी तत्त्वाचं भाषण दिलं होतं. तुझे तीन मार्क माझ्याकडेच पडलेले होते. ती गोष्ट मी आता कुणाला सांगणार नाही. किंवा सांगेन, पण पूर्ण सांगेन. काल बागेतल्या बाकावर दोघांना सांगितली. पोरी, माझं चुकलं. मला क्षमा कर असं लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. क्षमा कर.

पेपर पुन्हा तपासलाय, सगळा, पायऱ्या वाचून. चौतीस कापून सदतीस केले आणि खाली आजच्या तारखेची सही केली. एक मार्कही वाढवून दिलेला नाही. ते तुझेच आहेत.

पद्धत बदलली. इथून पुढं पेन्सिल बंद. पहिल्यापासून शाईनं लिही. उत्तर माझ्याशी जुळलं नाही तर आधी मला विचार, मग खोड.

एक काम आहे. दहाच्या दहा पेपरांचे उत्तरांचे कागद मी नव्यानं लिहून पाठवीन. परीक्षा झाली की तू तपास. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही. स्वतःवर तर आता नाहीच.

आता बस अभ्यासाला.

मामा

*

१५ नोव्हेंबर

ती. मामांस,

पेपर झाला. शाईनं लिहिला, पहिल्या ओळीपासून. उदासीनीकरणाचा प्रश्न आला नाही! इतकं भांडून तो आलाच नाही, बोला आता. पण विद्युत अपघटनाच्या गणितात माझं उत्तर विचित्र अपूर्णांकात आलं, आणि मागच्या बाकावरचा पोरगा 'पूर्ण आकडा येतो' असं पुटपुटत होता. माझा हात खोडायला गेला होता. मग पायऱ्या वाचल्या, वरून खाली, प्रत्येक ओळ. चूक दिसली नाही. तसंच ठेवलं.

आईनं घड्याळ घरीच ठेवलं होतं, तरी फाटकाशी उभी राहून दहा मिनिटं आधीच 'वेळ संपली' म्हणत होती म्हणे. शिपायानं सांगितलं.

तुमचे कागद मिळाले. तपासायला घेते.

तुमची,
भिंगरी

*

१९ डिसेंबर

ती. मामांस,

अडुसष्ट.

निकाल घेऊन तशीच कामावर गेले. मोठ्या मॅडमनी कागद बघितला, ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणाल्या, "एक तारखेपासून या टेबलाशी." मग ड्रॉवर लावत म्हणाल्या, "आणि यंत्राला ब्युरेट नीट धुता येत नाही. आपापली धुवायची." म्हणजे धुणं काही सुटत नाही माझं. पण काल दुपारच्या नमुन्याची तपासणी त्यांनी मलाच करायला लावली, आणि नोंदवहीत 'तपासणारा' या रकान्यात मी सही केली. सही इतकी सावकाश, गिरवून केली की अक्षर तुमच्यासारखं आलंय.

आईनं दोन्ही कागद पेटीत ठेवायला मागितले, सदतीसवाला आणि अडुसष्टवाला. मी दिले नाहीत. टेबलाच्या काचेखाली ठेवलेत, शेजारी शेजारी. मामा, तुमच्यावर माझा राग नाही. होता तेव्हाही वही मागायला तुमच्याकडेच आले ना?

आता तुमचं काम. दहाही कागद तपासले, प्रत्येक गणित स्वतः करून, पायऱ्या वाचून. शंभर उत्तरं. नव्व्याण्णव बरोबर. सहाव्यातला चौथाही बरोबर, आणि तिथं तुम्ही 'मिलिलिटर' दोनदा अधोरेखित केलंय, ते बघून मला हसू आवरेना.

आठव्या पेपरात प्रश्न सातवा. उत्तर लिहिलंय 'पंचवीस'. नुसतं पंचवीस. पंचवीस काय, मामा? मिलिलिटर की मडकी?

एक मार्क कापलाय. सख्खा मामा असलात तरी वाढवून देणार नाही.

तुमची,
भिंगरी